पिंपावरचा दिवा

"झाकण लावू नका," हेमा म्हणाली.

मी निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर झाकण दाबून बसवत होतो. तारांमुळं ते एका बाजूनं बोटभर उचललेलं राहत होतं आणि मी आधीच वैतागलो होतो.

"का?"

"बाबांच्या दुकानात बॅटरी चार्जिंगला लावली की आधी तिची बुचं काढतात. खिडकी उघडी ठेवतात. तिथं कुणाला बिडीसुद्धा ओढू देत नाहीत. हे बुडबुडे तसलेच आहेत."

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेडच्या दारात उभे राहून दात घासत होते. त्यांच्यासमोर बायकोनं मला शिकवावं हे मला रुचलं नाही. मी म्हणालो, "अगं, बॅटरीत ॲसिड असतं. इथं साधा धुण्याचा सोडा आहे. तुझ्या बाबांना सांग, दुकानात सोडा वापरा, मग बिडी काय, चूल पेटवली तरी चालेल."

अण्णा तोंडातल्या फेसासकट हसले. हेमा हसली नाही. ती आत गेली आणि मी झाकणावर दोन पोती टाकून मोकळा झालो.

ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची खंडेनवमी. आम्ही जयसिंगपूरला राहायचो, लग्नाला पाच महिने झाले होते. हेमाच्या वडिलांचं मिरजेत बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं आणि लग्नाआधी ती गल्ल्यावर बसायची. मी सरकारी कचेरीत कारकून असलो तरी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो, आणि ही गोष्ट घरात कुणी विसरू नये याची मी काळजी घेत असे.

चार महिन्यांपूर्वी मी भंगारातून एक जुनी जीप उचलली होती. इंजिन बरं होतं, बाकी सगळी गंजलेली. पॉलिश पेपरनं घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली. मग एका मित्रानं हा उपाय सांगितला. पिंपात पाणी आणि सोडा, कडेनं उभ्या लोखंडी सळया, मधोमध तारेनं टांगलेला गंजका भाग. चार्जरची लाल तार सळयांना, काळी तार त्या भागाला. बटण दाबलं की त्याच्या अंगावरून बारीक बुडबुडे निघायला लागायचे. रात्रभर ठेवलं की गंज सुटून काळा साका उरायचा आणि ब्रश मारला की खालून चांगलं करडं लोखंड निघायचं. पहिल्यांदा दाराच्या बिजागऱ्या अशा निघाल्या तेव्हा मी त्या आख्ख्या गल्लीला दाखवून आलो. चार्जर सासऱ्यांनीच दिलेला होता, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला जीप रस्त्यावर आणायची आणि आई-अण्णांना नरसोबाच्या वाडीला न्यायचं असं मी जाहीर करून बसलो होतो. त्यामुळं खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी उरलेला सगळा ऐवज एकदम पिंपात सोडला: ब्रेकचे ड्रम, जॅक, माझे दोन पाने आणि एक मोठी पक्कड. पिंपातून बारीक तुषार उडायचे, ते घशाशी जायचे. आईला रात्री खोकला लागला. म्हणून ते झाकण.

आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्या आईच्या पूजेत विळी, खुरपं, शिवणाचं मशिन आणि अण्णांची पोस्टातून निवृत्त होताना मिळालेली दौत, सगळं यायचं. मी बाजाराला निघालो तेव्हा तिनं विचारलं, "तुझे पाने-बिने कुठं आहेत रे? पाटावर मांडायचे आहेत."

"पिंपात आहेत. आज काढता येणार नाहीत."

"मग पिंपालाच हळद-कुंकू लावते."

"लाव की," मी म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.

बाजारात झेंडूचे ढीग लागले होते. मी दोन किलो फुलं घेतली, आपट्याची पानं घेतली, पिशवी हँडलला अडकवली. देवीच्या मंडपाबाहेर एक फुगेवाला लोखंडी नळकांडं घेऊन बसला होता. त्याच्यासमोर पोरांची गर्दी आणि गर्दीच्या मागं एक म्हातारा बिडी पेटवत उभा. फुगेवाल्यानं हातातला फुगा तसाच सोडून दिला आणि उठून म्हाताऱ्याच्या हातातली काडी खाली पाडली.

"बाबा, गॅस हाय ह्यात. तुमीबी जाशीला आन ही पोरंबी जातील."

पोरं हसली. तो सुटलेला फुगा फर्र करत मंडपाच्या पत्र्यापर्यंत गेला. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

फुग्यातला गॅस तो हायड्रोजन. पाण्यातून वीज सोडली की निघतो तो हायड्रोजन. ॲसिड असो, सोडा असो, त्याला काही फरक पडत नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. काल संध्याकाळपासून पिंप चालू होतं, सकाळपासून झाकण लावलेलं होतं, वर दोन पोती होती. आणि आई हळद-कुंकू लावणार म्हणजे फक्त हळद-कुंकू नव्हे. आई ज्याला हळद-कुंकू लावते त्याला निरांजनानं ओवाळते.

त्या सायकल चालवण्याचं मला फारसं काही आठवत नाही. दसऱ्याच्या बाजारातून सायकल चालवता येत नाही, एवढं आठवतं. मी ती हातानं ढकलत पळत होतो, लोकांना धक्के देत होतो, एका बाईची फुलांची पाटी माझ्या पॅडलनं उलथली आणि ती मागून शिव्या देत राहिली. डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं, आईचा चेहरा आणि पिंपाचं झाकण. देवाला मी एरवी फारसं विचारत नाही. त्या दिवशी गल्ल्या मोजत मी प्रत्येक गल्लीला नवस बोललो.

शेडला दोन दारं होती. एक अंगणाकडं उघडायचं, दुसरं मागच्या बोळात. बोळ जवळ पडायचा. मी सायकल टाकली आणि मागच्या दाराशी आलो.

आई पिंपासमोर उभी होती, माझ्याकडं पाठ करून. पोती तिनं नीट घडी घालून बाजूला ठेवली होती. निळ्या झाकणावर कुंकवाची पाच बोटं उठली होती, वर फूल होतं. तिच्या हातात तबक होतं आणि तबकात निरांजन पेटलेलं होतं. ती पुटपुटत ओवाळत होती. तबक फिरत फिरत तारांच्या बाजूला जात होतं, जिथं झाकण बोटभर उघडं होतं, आणि परत येत होतं. एकदा गेलं. परत आलं. पिंपातून बुडबुड्यांचा सूं असा आवाज येत होता.

मला "आई" म्हणून हाक मारायची होती. आवाज फुटला नाही. हाक मारली तर ती दचकेल, तबक झाकणावर पडेल, असाही विचार मनात आला. निदान तसा आला असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

तेवढ्यात माझ्या खांद्याला धक्का लागला. हेमा स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बोळातून आली होती, हात पिठानं भरलेले. ती मला ओलांडून आत गेली, तीन पावलांत आईजवळ पोचली, तबकावर वाकली आणि फू करून निरांजन विझवलं.

आमच्याकडं दिवा फुंकत नाहीत. विझवला असंही म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. घरात कुणी गेलं तरच दिवा विझला म्हणायचं. आणि हिनं खंडेनवमीला, पूजा चालू असताना, पेटतं निरांजन तोंडानं फुंकलं होतं.

वातीतून धूर निघत होता. मग आईनं तबक जमिनीवर ठेवलं.

"काय केलंस गं हे?" आई म्हणाली. "काय केलंस?"

"आत्या, झाकणाखाली गॅस आहे," हेमा म्हणाली. सासूला ती तिच्या माहेरच्या रीतीनं आत्या म्हणायची. "ज्योत लागली असती तर उडालं असतं सगळं. तुम्ही आधी बाहेर चला."

आवाज ऐकून अण्णा अंगणाकडच्या दारातून आले. त्याच वेळी मीही आत शिरलो, नुकताच पोचल्यासारखा. पहिल्यांदा भिंतीजवळ जाऊन चार्जरचं बटण बंद करायला हात लांब केला, आणि ठिणगीच्या भीतीनं मागं घेतला. मग बाहेर जाऊन मीटरवरची मेन पाडली. परत आलो तेव्हा ते तिघंही अंगणात उभे होते आणि माझीच वाट बघत होते.

"काय रे मधू," अण्णांनी विचारलं, "ही म्हणते तसलं काही आहे का? सकाळी तर तू नाही म्हणालास."

आई माझ्याकडं बघत होती. हेमा बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की होय, आहे, माझी चूक झाली. पण सकाळचं हसणं अजून कानात होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला त्यांच्यापासून लपवायची होती.

"थोडाफार असतो," मी म्हणालो. "एवढं घाबरण्यासारखं काही नसतं."

हेमानं माझ्याकडं पाहिलं आणि मग खाली पाहिलं. तिच्या हातावरचं पीठ वाळून भेगा पडायला लागल्या होत्या. ती ते खरवडत राहिली.

त्या दिवशी आई जेवली नाही. देवापुढं बसून राहिली. अण्णांना दोन महिन्यांपूर्वी छातीत दुखलं होतं, मिरजेला आठ दिवस दवाखान्यात होते, आणि आईच्या मनात त्या फुंकलेल्या दिव्याची गाठ कुठं जाऊन बसली असेल हे वेगळं सांगायला नको. दुपारी तिनं मला बोलावलं. उद्या जीप बाहेर काढायची नाही, म्हणाली. हेमानं उद्या कुणालाच ओवाळायचं नाही. आणि दिवाळीपर्यंत तिनं माहेरी राहावं, तिच्या वडिलांना मी चिठ्ठी लिहावी.

"चिठ्ठीत काय लिहू?"

"जे झालं ते लिही," आई म्हणाली. "मी काही वाढवून सांगत नाही."

हेमा संध्याकाळी ट्रंक भरत होती. पाच महिन्यांची नवरी ऐन दसऱ्याला ट्रंक घेऊन माहेरी परतली, तर मिरजेत त्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काय विचारणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. एकदा दिवा फुंकणारी सून म्हणून नाव झालं की ते आयुष्यभर पुसलं जात नाही. पुढं घरात काहीही झालं, कुणाला साधा ताप आला तरी बोट तिच्याकडंच जाणार. मी पलंगाच्या कडेवर बसलो होतो.

"हेमा, मी बघतो काहीतरी."

तिनं साडीची घडी घातली, ट्रंकेत ठेवली, मग बोलली.

"पिंप उडालं असतं की नसतं, एवढंच आत्यांना सांगा. बाकीचं मी कुणाला सांगणार नाही."

बाकीचं. म्हणजे तिनं ते पाहिलं होतं. मी तिच्याकडं मान वर करून बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी शेडची दोन्ही दारं उघडली, झाकण काढलं आणि तसंच दोन तास वारं खेळू दिलं. मग अर्धं पाणी उपसून पिंप ओढत मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. घरापासून लांब वायर टाकली. पिंप पुन्हा काठाजवळ येईपर्यंत भरलं, सळया लावल्या, तारा जोडल्या आणि झाकण होतं तसंच बसवलं, एका बाजूनं बोटभर उघडं. पोती टाकली. दहा वाजेपर्यंत मी तिथंच, पंधरा पावलांवर, एका दगडावर बसून होतो. कुणाचं गाय-वासरू येऊ नये म्हणून. हात सारखे घामानं ओले होत होते आणि मी ते धोतराला पुसत होतो. दसरा म्हणून धोतर नेसलो होतो.

दहाला मेन पाडली. आई-अण्णांना बोलावलं. हेमाची ट्रंक ओट्यावर आली होती, मिरजेची एसटी साडेअकराला होती. मी तिलाही बोलावलं. तिघांना कंपाउंडच्या भिंतीमागं उभं केलं.

"आणि आता काय?" आई म्हणाली.

"काल जे झालं नाही ते दाखवतो."

मी पोती काढली. एका लांब बांबूला तेलाची चिंधी बांधून पेटवली. भिंतीच्या कडेला अंग चोरून उभा राहिलो आणि बांबू पुढं सरकवत नेला. चिंधी झाकणाच्या फटीजवळ नेता नेता मी दोनदा मागं घेतली. अण्णा म्हणाले, "अरे राहू दे." तेवढ्यात ती लागली.

आवाज असा झाला की गल्लीतली कुत्री पळाली. झाकण वर गेलं, आमच्या छपरापेक्षा उंच गेलं, गिरक्या घेत तिसऱ्या घराच्या अंगणात पडलं. पिंप उभं चिरलं आणि काळं पाणी प्लॉटभर पसरलं. एक लोखंडी सळई आमच्या भिंतीवर आपटून खाली पडली. भिंतीवरचा गिलावा तिथं बशीएवढा उडाला होता. आई तिथं उभी राहिली तर साधारण तिच्या गळ्याशी येईल असा.

माझ्या कानात नुसती शीळ वाजत होती. आई भिंतीपुढं गेली, गिलावा उडालेल्या जागी तिनं हात लावून बघितला. मग ती हेमाकडं वळली. तिला जवळ घेतलं, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि रडायला लागली. मी अण्णांना म्हणालो, "माझी चूक होती. ती सकाळी सांगत होती, मी ऐकलं नाही. आणि काल विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो." अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवून परत काढून घेतला.

मला वाटलं, संपलं. छातीवरचं ओझं उतरलं असं खरंच वाटलं मला.

मग आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं तिनं.

"मग काल तू कुठं होतास रे? तुझी सायकल तर बोळात पडलेली होती."

मी कुठं होतो ते आता सांगतो. मी दारातच होतो. आई तबक फिरवत होती, ते पहिल्यांदा तारांच्या बाजूला गेलं, आणि माझा पाय मागं गेला. मग दुसरा. मी उंबऱ्याच्या बाहेर आलो, भिंतीच्या आड झालो आणि दोन्ही हातांनी कान झाकले. आईला हाक मारली नाही, तिच्याकडं धावलो नाही. कान झाकून वाट बघत उभा राहिलो. हेमा आली तेव्हा मी तसा होतो. तिला मला धक्का देऊन आत जावं लागलं, कारण दाराला लागूनच मी उभा होतो.

आता विचारल्यावर माझं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. काल आला नव्हता तसाच.

"हे अजून बाजारातून यायचे होते, आत्या," हेमा म्हणाली. "मी दिवा फुंकला आणि मागून हे आले. सायकल टाकून धावतच आले."

"होय रे?"

मी मान हलवली.

ट्रंक परत आत गेली. त्या दिवशी हेमानं मला ओवाळलं, अण्णांना ओवाळलं. ब्रेकचे ड्रम बसवायला आणखी दहा दिवस लागले आणि वाडीला आम्ही कोजागिरीनंतर गेलो. अण्णा त्यानंतर चौदा वर्षं जगले.

आईनं ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. सुनेनं कसा जीव वाचवला, आणि मधू बाजारातून कसा धावत आला. ती गेल्यावर आता हेमा सांगते. नातवंडं दर खंडेनवमीला तिच्याभोवती बसतात आणि धाकटी न चुकता विचारते, आजोबा तेव्हा कुठं होते? हेमा म्हणते, बाजारात गेले होते, यायचे होते अजून. पस्तीस वर्षांत तिनं त्यात एक शब्द बदललेला नाही. हे वाक्य येईपर्यंत ती सगळ्यांकडं बघून बोलत असते, अधूनमधून माझ्याकडंही. त्या वाक्याला ती खाली बघते, आणि मला वाटतं की या वेळी ती खरं सांगेल.

मग धाकटी माझ्याकडं वळून विचारते, "हो ना, आजोबा?"

मी मान हलवतो.